खेडा खरेदीच्या फाईलमध्ये वजन चुकीच्या स्वरूपात आलं, तर एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी चूक) पकडायचा की प्रोग्राम पडू द्यायचा?

चोपडा_कोडर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापसाच्या खेडा खरेदीचा (गावातच जाऊन केलेल्या खरेदीचा) हिशोब पायथॉनमध्ये चालतो. गावोगावची मुलं एक्सेलमध्ये नोंदी करतात, संध्याकाळी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) पाठवतात, आणि आमची स्क्रिप्ट त्यावरून हिशोबपट्टी काढते. स्क्रिप्ट आधीच्या माणसाने लिहिलेली, तो आता पुण्याला. आत असं आहे (मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, कीवर्डही देवनागरीत लिहितोय, समजून घ्या):

ट्राय:
    वजन = फ्लोट(ओळ['वजन'])
    एकूण += वजन
एक्सेप्ट:
    पास

स्क्रिप्ट कधीच पडत नाही. पण काट्यावरची बेरीज आणि स्क्रिप्टची बेरीज जुळत नाही, आणि कोणत्या ओळी गळाल्या ते कळायला मार्ग नाही. मी ट्राय-एक्सेप्ट काढून पाहिलं, तर "१२ क्वि ५" असं लिहिलेल्या पहिल्याच ओळीला व्हॅल्यूएरर (मजकुराचा आकडा होत नाही अशी चूक) येऊन सगळं थांबलं. बाकी शेतकऱ्यांच्या पट्ट्याही अडकल्या. मधला रस्ता काय?

भाऊ_नंदुरबारी
पडू द्यायचा. पडला की लोक फोन करतात, फोन आला की डेटा सुधारतो. साधं गणित.

चोपडा_कोडर
भाऊ, संध्याकाळी सात वाजता फोन मलाच येतो.

तापीकाठ
आधी ते नुसतं "एक्सेप्ट:" काढ. पुढे काहीच न लिहिलेला एक्सेप्ट फक्त व्हॅल्यूएरर पकडत नाही, कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिटसुद्धा गिळतो. लूप चालू असताना कंट्रोल-सी दाबलंस तर तेही "पास" होईल आणि लूप पुढे पळत राहील. कॉलमचं नाव कुणी "वजन" ऐवजी "वजन " असं शेवटी जागा सोडून लिहिलं, तर येणारा कीएररही (त्या नावाचा कॉलमच सापडला नाही) गिळला जाईल. मग एक ओळ नाही, अख्खी फाईल शून्य होईल आणि स्क्रिप्ट म्हणेल सगळं छान.

मधला रस्ता आहे. ओळ नाकारायची, पण नाकारली हे लिहून ठेवायचं. घेतलेल्या ओळी एका यादीत, नाकारलेल्या दुसऱ्या. नाकारलेल्या यादीत ओळ क्रमांक, कॉलम, कुणी जसा लिहिला तसा मूळ मजकूर, आणि कारण. मूळ मजकूर साफसूफ करून ठेवू नकोस. चूक काय होती ते त्यातच दिसतं.

फॉर ओळ_क्र, ओळ इन एन्युमरेट(वाचक, 2):
    ट्राय:
        वजन = वजन_वाचा(ओळ['वजन'])
    एक्सेप्ट चुकीचं_वजन ॲज चूक:
        नाकारलेल्या.अपेंड((ओळ_क्र, 'वजन', ओळ['वजन'], स्ट्र(चूक)))
        कंटिन्यू
    घेतलेल्या.अपेंड((ओळ_क्र, वजन))

मोजणी 2 पासून, कारण पहिली ओळ शीर्षकाची. ज्या मुलाने फाईल भरली त्याला एक्सेलमध्ये तोच क्रमांक दिसला पाहिजे, नाहीतर तो शेजारचीच ओळ सुधारून पाठवेल.

आणि ट्रायच्या आत एकच काम ठेव. ट्राय जितका लांब, तितकं काय फसलं ते कळणं अवघड.

चोपडा_कोडर
तापीकाठ सर, वजन_वाचा() मध्ये फ्लोट (जवळपासचा दशांश आकडा) ठेवू की डेसिमल (नेमका दशांश आकडा)? पैशांचा हिशोब आहे म्हणून डेसिमल करायचा विचार आहे.

तापीकाठ
डेसिमलच. पण एक गोष्ट बघ. फ्लोट("बारा") केलं तर व्हॅल्यूएरर येतो. डेसिमल("बारा") केलं तर येतो डेसिमल मॉड्यूलचा इन्व्हॅलिडऑपरेशन, आणि तो व्हॅल्यूएररचा वंशज नाही, अरिथमेटिकएररच्या घरातला आहे. म्हणजे फ्लोट बदलून डेसिमल केलं आणि "एक्सेप्ट व्हॅल्यूएरर" तसंच राहिलं, तर इतके दिवस नीट पकडलं जाणारं अचानक निसटेल.

उलट बाजूही आहे. जेसनडीकोडएरर आणि युनिकोडडीकोडएरर हे दोन्ही व्हॅल्यूएररचेच वंशज. फाईल उघडणं, जेसन वाचणं आणि आकडा काढणं एकाच ट्रायमध्ये कोंबलं, तर तीन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव पडतं.

म्हणून वजन_वाचा() च्या आत हे सगळे पकड आणि बाहेर स्वतःचा एकच चुकीचं_वजन फेक, "रेज … फ्रॉम" वापरून. मूळ कारण ट्रेसबॅकमध्ये (चूक कुठून आली त्या नोंदीत) शाबूत राहतं.

ओळीत कॉलमच कमी भरले असतील तर डिक्टरीडर (पायथॉनचा सीएसव्ही वाचक) तिथे नन (म्हणजे काहीच नाही) देतो. त्यावर स्ट्रिप() केलंस की ॲट्रिब्यूटएरर. तीही वाट आधीच बंद कर.

क्यूए_धुळे
मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून माझं दुखणं वेगळं. तुम्ही सगळे एक्सेप्शन येतो त्याबद्दल बोलताय. मला न येणाऱ्याची भीती जास्त वाटते. पायथॉनमध्ये हे सगळं बिनबोभाट चालतं, करून बघा:

इंट("12_000") म्हणजे 12000. पायथॉन 3.6 पासून अंडरस्कोर चालतो.
फ्लोट("नॅन") आणि फ्लोट("इन्फ"), अर्थात इंग्रजी अक्षरांत. नॅन म्हणजे "आकडाच नाही", इन्फ म्हणजे अनंत. दोन्ही वैध फ्लोट! डेसिमललाही चालतात. म्हणून डेसिमल झाल्यावर इज_फायनाइट() तपासा.
इंट("४२५००१") म्हणजे 425001. देवनागरी अंक पायथॉन मुकाट घेतो.

शेवटचं आपल्या सोयीचं वाटतं, आणि आहेही. पण पिनकोड तुम्ही मजकूर म्हणून साठवता ना? मग एकाच जळगावचे "४२५००१" आणि "425001" असे दोन पिनकोड होतात आणि गावनिहाय बेरीज दुभंगते. साठवण्याआधी अंक एकाच लिपीत आणा.

जावा_शिरपूर
यात भाषेभाषेचे नखरे आहेत. जावाचा इंटिजर.पार्सइंट देवनागरी अंक घेतो, पण जावाच्या रेगेक्समधला (मजकुराचा साचा तपासायची पद्धत) "अंक" वेगळं सांगितल्याशिवाय फक्त 0 ते 9 ओळखतो. सीशार्पमध्ये नेमकं उलटं. तिथला रेगेक्स देवनागरी अंकाला अंक म्हणतो, आणि त्यावर विश्वास ठेवून इंट.पार्स केलं की फॉरमॅटएक्सेप्शन. जावास्क्रिप्टचा नंबर() तर एक्सेप्शनही फेकत नाही, नॅन हातात देऊन मोकळा होतो.

फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हर पायथॉनमध्ये असेल, तर एकाच शेतकऱ्याचा मोबाईल नंबर पुढच्या दारी अवैध आणि मागच्या दारी वैध.

भाऊ_नंदुरबारी
हाई बठ्ठं बराबर शे भो, पन मुनीमजीले कोन सांगी?

मुनीमजी_पारोळा
कुणी सांगायची गरज नाही, मी धागा वाचतोय.

मी प्रोग्रामर नाही, जिनिंगचे हिशोब सांभाळतो. तुमच्या चर्चेत एक मुद्दा आला नाही. काट्यावरचा पोरगा 12 क्विंटल 5 किलो कसं लिहितो? कुणी 12.05 लिहितो, कुणी 12-05, आणि पुष्कळजण 12.5. तुमचा प्रोग्राम 12.5 वाचणार म्हणजे 12 क्विंटल 50 किलो. तुमच्या भाषेत एरर नाही, सगळं वैध. फरक 45 किलोचा. 2024-25 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल धरला तर 3,384 रुपये 45 पैसे एका ओळीत इकडचे तिकडे.

"१२ क्वि ५" लिहिणारा पोरगा परवडला. त्याने निदान काय म्हणायचंय ते सांगितलं.

चोपडा_कोडर
मुनीमजी, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. मग 12.5 सरसकट नाकारू का?

मुनीमजी_पारोळा
नाकारून कसं चालेल, खरंच साडेबारा क्विंटल माल येतोच की. क्विंटल एका खान्यात, किलो दुसऱ्या खान्यात, दोन्ही पूर्णांक. किलोच्या खान्यात 99 च्या वर आकडा नको. आणि पानाच्या तळाशी त्या मुलाने स्वतः मारलेली वजनाची बेरीज आणि पावत्यांची संख्या लिहायची. आमच्या वह्यांत पानाची बेरीज पुढच्या पानावर ओढतात ती कशासाठी? बेरीज जुळली नाही तर ते पान पुढे जात नाही.

क्यूए_धुळे
मुनीमजींनी सांगितलं त्याला आमच्याकडे कंट्रोल टोटल म्हणतात. प्रत्येक फाईलसोबत ओळींची संख्या आणि वजनाची बेरीज वेगळी आली पाहिजे, आणि घेतलेल्या अधिक नाकारलेल्या ओळी म्हणजे आलेल्या ओळी, हे स्क्रिप्टने दरवेळी तपासलं पाहिजे.

शिवाय वजन गुणिले दर बरोबर रक्कम, ही तपासणी फुकटात मिळते. रक्कम माणसाने कॅल्क्युलेटरवर काढून लिहिली असेल तर 12.5 चा घोळ तिथे उघडा पडतो. रक्कम एक्सेलच्या सूत्राने आली असेल तर नाही, कारण सूत्रही 12.5 च वाचणार.

पांडा_पाचोरा
एवढा लूप कशाला लिहिताय, पांडास (तक्त्यांसाठीची पायथॉन लायब्ररी) वापरा. टू_न्यूमेरिक मध्ये एरर्स="कोअर्स" दिलं की वाईट किमतींच्या जागी नॅन, सम() मारा, विषय संपला. दोन ओळी.

तापीकाठ
पाचोराभाऊ, विषय संपत नाही, झाकला जातो. पांडासचा सम() नॅन वगळूनच बेरीज करतो. म्हणजे कोअर्स अधिक सम() आणि आधीच्या माणसाचं "एक्सेप्ट: पास" यांत काहीच फरक नाही, फक्त दिसायला देखणं. साध्या पायथॉनच्या बेरजेत एक नॅन आला तर अख्खी बेरीज नॅन होते, निदान आरडाओरड तरी होते.

पांडा_पाचोरा
मान्य, पण कोअर्सचा दोष नाही हा. मूळ कॉलम डीटाइप=एसटीआर देऊन मजकूर म्हणून वाचायचा, कोअर्स केलेला दुसरा कॉलम बाजूला ठेवायचा, आणि जिथे मूळ रिकामा नाही पण नवा नॅन आहे त्या ओळी वेगळ्या काढायच्या. तुमची नाकारलेल्यांची यादी एका ओळीत तयार. लाखभर ओळींवर तुमच्या लूपपेक्षा कितीतरी लवकर.

तापीकाठ
असं असेल तर माझी हरकत नाही. डीटाइप=एसटीआर मात्र विसरायचं नाही. नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं वाचतानाच जातात, आणि आयएफएससीतलं पाचवं अक्षर शून्य असतं की ओ, हा वाद घालायलाही मूळ काही उरत नाही. (शून्यच असतं. चार अक्षरं, एक शून्य, मग सहा.)

गट_क्रमांक
मध्येच घुसतोय, पण आमचं दुखणं एक्सेलच्याच पायरीवर आहे. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक 12/3 लिहिला की एक्सेल त्याचं 12-मार्च करतं. 145/2 मात्र तसंच राहतं. त्यामुळे तपासायला बसलं की पहिल्या पाच-दहा ओळी ठीक दिसतात आणि मध्येच एखादा शेतकरी मार्च महिन्यात शेती करतो.

क्यूए_धुळे
या घोळात तुम्ही एकटे नाही. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने 2020 मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण "मार्च1", "सेप्ट1" अशा नावांच्या एक्सेल तारखा करत होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले, आपण तर चोपडा-यावलची माणसं.

उपाय एकच, गट क्रमांकाचा कॉलम टाइप करायच्या आधी टेक्स्ट करून ठेवायचा. 12-मार्च वरून मागे यायला जाऊ नका. ज्या संगणकावर महिना आधी अशी सेटिंग आहे, तिथे तोच 12/3 म्हणजे 3 डिसेंबर झालेला असतो. आधार क्रमांकाचंही तेच. 12 अंकी आकडा साध्या खान्यात "ई+11" असा आखडून दिसतो आणि सीएसव्ही केल्यावर दिसतो तसाच उतरतो, मागचे अंक गेले ते गेले.

जावा_शिरपूर
तारखांचा विषय निघालाच आहे तर जावाचा एक छुपा खड्डा. नवीन डेटटाइमफॉर्मॅटरला 31/02/2023 दिली तर बहुतेकांना वाटतं एक्सेप्शन येणार. येत नाही. त्याची मूळ पद्धत "स्मार्ट", ती गुपचूप 28 फेब्रुवारी करून देते. 32/02 दिली तरच डेटटाइमपार्सएक्सेप्शन. कडक तपासणी हवी तर रिझॉल्व्हरस्टाइल स्ट्रिक्ट लावा, आणि मग साच्यात वर्षासाठी वाय ऐवजी यू लिहा. वाय ठेवून स्ट्रिक्ट केलं तर बरोबर तारखाही नाकारल्या जातात, आणि लोक वैतागून स्ट्रिक्टच काढून टाकतात.

पायथॉनचा स्ट्रपटाइम या बाबतीत सरळ. 31/02 ला थेट व्हॅल्यूएरर.

पांडा_पाचोरा
05/06 ला मात्र कुणीच वाचवत नाही. पाच जून की सहा मे? साचा ठरवून द्या, अंदाज लावायला सांगू नका. पांडासमध्ये डेफर्स्ट=ट्रू देऊन निर्धास्त होऊ नका, तो नियम नाही, नुसता कल आहे. फॉरमॅट स्पष्ट लिहा.

चोपडा_कोडर
नवीनच अडचण. वजन_वाचा() लिहून झालं, माझ्या लिनक्सवर नीट चाललं. ऑफिसच्या विंडोजवर काही फाईली उघडतानाच युनिकोडडीकोडएरर, "चारमॅप कोडेक कान्ट डीकोड". गंमत म्हणजे चोपडा, यावल, रावेरच्या फाईली उघडतात, भुसावळ आणि एरंडोलच्या पडतात. पण उघडलेल्यांतही गावाच्या जागी à¤ अशा खुणांची रांगोळी आहे. भुसावळवाल्यांनी काय घोडं मारलंय?

तापीकाठ
हा प्रश्न आवडला.

फाईल यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये आहे. ओपन() ला एन्कोडिंग न सांगितल्यामुळे विंडोजवरचा पायथॉन ती सीपी1252 (विंडोजचा जुना, देवनागरी नसलेला अक्षरतक्ता) समजून वाचतोय. त्या तक्त्यात पाच बाइट रिकामे आहेत: सोळाच्या पायात 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात. पहिला उकार "ु" चा शेवटचा बाइट 81. हलंताचा 8डी. "ए" चा 8एफ. "झ" चा 9डी.

आता गावं बघ. भुसावळ, धुळे, नंदुरबार यांत पहिला उकार. मुक्ताईनगरात उकारही आणि जोडाक्षरही. साक्रीत जोडाक्षर. एरंडोलला पहिलंच अक्षर ए. हे सगळे पडणार. जळगाव, चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, चाळीसगाव यांत त्या पाचांपैकी एकही बाइट नाही. शिरपूरला दुसरा उकार, त्याचा बाइट चालतो. म्हणून ते "उघडतात", आणि कचरा होऊन उघडतात.

खरा घोटाळा जळगावच्या फाईलींत आहे. भुसावळने निदान सांगितलं.

ओपन(फाईल, एन्कोडिंग="यूटीएफ-8-सिग", न्यूलाइन="") असं लिही. सिग यासाठी की एक्सेल यूटीएफ-8 सीएसव्हीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतं, आणि ती पहिल्या शीर्षकाला चिकटली की ओळ['पावती'] ला कीएरर येतो. छापून बघितलं तर अक्षर न अक्षर जुळतं, तरी सापडत नाही. आणि एरर्स="इग्नोर" द्यायचा मोह झाला तर देऊ नकोस, तोही "पास" चाच भाऊ.

चोपडा_कोडर
चाललं! भुसावळचं नाव भुसावळच आलं.

गट_क्रमांक
अदृश्य खुणांवरून आठवलं. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या आकड्यात कधीकधी शून्य रुंदीची खूण येते. स्ट्रिप() ने ती जात नाही, कारण पायथॉन तिला मोकळी जागा मानत नाही. डोळ्यांना "12", इंट() ला व्हॅल्यूएरर.

क्यूए_धुळे
म्हणून कारण लिहिताना मूळ मजकूर रेपर() करून लिहा. साध्या प्रिंटमध्ये "12" दिसतं, रेपर() मध्ये '12\यू200बी'. पायथॉनचा स्वतःचा संदेशही असाच दाखवतो, पण तो संदेश लोकांना पाठवू नका. "इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट() विथ बेस 10" वाचून काट्यावरचा पोरगा काय करणार? "ओळ 214, किलो: आकड्यात लपलेलं चिन्ह आहे, पुसून हाताने लिहा", एवढं पुरतं.

आणि त्या यादीत आधार क्रमांक अख्खा छापू नका. शेवटचे चार अंक बास. नाकारलेल्यांच्या याद्या ग्रुपवर फिरतात.

पांडा_पाचोरा
स्वल्पविरामांचं काय? 1,23,456 ला इंट() नाही म्हणतो. मी सरळ रिप्लेस करतो.

जावा_शिरपूर
कुणी 12,5 लिहिलं तर 125 क्विंटल होईल भाऊ. आधी साचा तपासा: शेवटचा गट तीन अंकांचा, त्याआधीचे दोन-दोनचे, अगदी पहिला एका अंकाचाही चालेल. बसला तर स्वल्पविराम काढा, नाहीतर ओळ नाकारा.

चोपडा_कोडर
आता असं केलंय. क्विंटल आणि किलो वेगळे कॉलम, मुनीमजींच्या सांगण्याप्रमाणे. नाकारलेल्या ओळींची यादी त्या-त्या गावच्या ग्रुपवर मराठीत जाते, बाकीच्यांच्या पट्ट्या निघतात. तळाची बेरीज जुळली नाही तर त्या गावाची एकही पट्टी निघत नाही. एक प्रश्न उरलाय. नाकारलेल्या ओळी दहा टक्क्यांच्या वर गेल्या तर अख्खी फाईल परत पाठवू का?

तापीकाठ
टक्क्याचा आकडा तुझ्या फाईली बघून ठरव, पण मर्यादा हवीच. निम्म्या ओळी एकाच कारणाने नाकारल्या गेल्या तर चूक ओळींत नसते, कुणीतरी कॉलम सरकवलेला असतो.

मुनीमजी_पारोळा
आणि परत पाठवलेली फाईल सुधारून आली की जुन्या पावत्या दुसऱ्यांदा चढणार नाहीत ना? पावती क्रमांकावर अटकाव ठेवा.

चोपडा_कोडर
तो ठेवलेला नाही. आज रात्री करतो.